खाकीमागचं घर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमच्या एका गटाची मासिक मीटिंग चालू होती. हजेरी घेताना अध्यक्षताईंनी एका नावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "या सलग तीन मीटिंगा गैरहजर आहेत. नियमाप्रमाणे दंड." त्या ताई त्या दिवशी आल्या होत्या. काही न बोलता त्यांनी पाकिटातून पैसे काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना काय जड आहे? मालक पोलिसात आहेत." बायका हसल्या. त्या ताई हसल्या नाहीत.

मीटिंग संपल्यावर मी त्यांच्यासोबत चालत निघाले. अर्ध्या वाटेवर त्या बोलायला लागल्या.

"ताई, गणपतीपासून दिवाळीपर्यंत ते घरी किती वेळा जेवले, ते मी बोटांवर मोजून सांगते. आले तरी झोप नाही. रात्री अंधारात ओट्यावर बसून राहतात. काय झालं विचारलं की चिडतात. मला मीटिंगला यायचं असतं हो, पण त्यांना एकटं सोडून निघायची भीती वाटते."

कसली भीती, ते त्यांनी सांगितलं नाही. मला समजलं.

त्या ताई ख्रिस्ती आहेत. दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जातात. त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी होते, पावसासाठी, शेतकऱ्यांसाठी होते. एका रविवारी त्यांनी धीर करून पाळकांना विचारलं, "पोलिसांच्या घरांसाठी पण एकदा करता का?" पाळकांनी केली. "ताई, त्या दिवशी मला वाटलं, आपलं घर कुणाच्या तरी हिशेबात आहे."

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मग मी त्यांच्याकडून मराठी बायबल वाचायला घेतलं, पाळकांना चार प्रश्न विचारले, इकडून तिकडून माहिती जमवली. पोलिसांना आणि त्यांच्या घरच्यांना ख्रिस्ती श्रद्धा काय धीर देते, तो धीर कुणी कामातून उभा केला आणि आपल्या गटांना त्यातून काय घेता येईल, हे आज तुम्हाला सांगते.

बायबलमधले शिपाई

बायबलच्या काळात आजच्यासारखं पोलीस खातं नव्हतं. रस्त्यावरचा बंदोबस्त, पहारा, कैद्यांची राखण ही कामं बहुतेक ठिकाणी रोमी सैनिक आणि बंदिशाळेचे अधिकारी करत. लोक त्यांना भीत आणि त्यांच्यावर रागही धरत, कारण ते परक्या सरकारची माणसं होती. अशा माणसांच्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची. योहान नदीकाठी लोकांना उपदेश करत होता. त्या गर्दीत शिपाईही आले आणि त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. जबरदस्तीने कुणाचे पैसे घेऊ नका, कुणावर खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. मैत्रिणींनो, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगणं आहे. म्हणजे हे काम प्रामाणिकपणे करता येतं असं त्याला वाटत होतं, आणि त्यात मोह कुठे येतो तेही त्याला माहीत होतं.

दुसरी गोष्ट कफर्णहूम गावच्या शताधिपतीची. शताधिपती म्हणजे सुमारे शंभर शिपायांवरचा अधिकारी. त्याचा चाकर मरणाला टेकला होता. येशूने चाकराला बरं करावं म्हणून त्याने विनंती केली. पण घरापर्यंत येण्याची तसदी घेऊ नका, तिथूनच शब्द बोला, असंही कळवलं. कारण काय? मी हुकूम घेणारा आणि हुकूम देणारा माणूस आहे, शब्दाची ताकद मला माहीत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. येशूने सगळ्यांसमोर त्याच्या विश्वासाचं कौतुक केलं. ज्याच्याकडे लोक वाकड्या नजरेने बघत, त्याच्याबद्दल कुणीतरी चारचौघांत चांगलं बोललं. आपल्याकडच्या हवालदाराला हे किती वेळा मिळतं, सांगा बरं.

तिसरी गोष्ट फिलिप्पै शहरातल्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची. ही 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. पौल आणि सीला या दोघांना फटके मारून कोठडीत टाकलं होतं, पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गाणी म्हणत होते. एवढ्यात भूकंप झाला. दारं उघडली, बेड्या निखळल्या. अधिकारी झोपेतून जागा झाला, बघतो तर दारं सताड उघडी. कैदी पळाले तर पहारेकऱ्याला जबर शिक्षा होई. आता सगळं संपलं असं वाटून त्याने तलवार उपसली आणि स्वतःवर चालवणार, तेवढ्यात अंधारातून पौल मोठ्याने ओरडला. जिवाचं बरंवाईट करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत, असं त्याने सांगितलं.

ही गोष्ट वाचताना मला ओट्यावर अंधारात बसलेला तो माणूस दिसला.

पुढे काय झालं बघा. अधिकाऱ्याने दिवा मागवला, थरथरत आत धावला. त्याच रात्री त्याने कैद्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं आणि आपल्या सगळ्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी मला हे मुद्दाम दाखवलं, की या गोष्टीत घरचे लोकही आहेत. कर्नेल्य नावाच्या दुसऱ्या एका शताधिपतीच्या गोष्टीतही तसंच आहे. त्याने आपले नातेवाईक आणि मित्र घरी गोळा केले आणि मगच पेत्राचं बोलणं ऐकलं. धीर हा एकट्या माणसाला देऊन पुरत नाही, त्याच्या घराला द्यावा लागतो, असं पाळकांचं म्हणणं. मला ते पटलं.

लंडनच्या एका बाईने काय केलं

आता गोष्टींवरून कामाकडे येऊ. यासाठी आपल्याला इंग्लंडला, एकोणिसाव्या शतकात जावं लागेल.

कॅथरीन गर्नी नावाची एक बाई होती. जन्म १८४८ चा. लंडनच्या दक्षिण भागात ती मजुरांसाठी बायबलचा वर्ग चालवायची. सांगतात, की एकदा रस्त्यावर तिचं एका पोलिसाशी बोलणं झालं. तिने आपुलकीने दोन शब्द बोलल्यावर त्या पोलिसाला नवल वाटलं. पोलिसालाही आत्मा असतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला. ते तिच्या मनाला लागलं.

१८८३ साली तिने पोलिसांसाठी ख्रिस्ती संघटना सुरू केली. सुरुवात आपल्या मीटिंगांसारखीच होती. पोलिसांनी एकत्र यायचं, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा, मनातलं बोलायचं. 'ऑन अँड ऑफ ड्यूटी' नावाचं मासिकही निघालं. ड्युटीवर आणि ड्युटीनंतर, असा त्याचा अर्थ. नाव किती नेमकं आहे बघा. ड्युटी संपल्यावर पोलीस कोण असतो, हे विचारणारं कुणीतरी निघालं होतं.

पण माणसं बोलायला लागली की अडचणी बाहेर येतात, हे तुम्हाला आपल्या गटांवरून माहीत आहे. तिथेही तसंच झालं. जखमी किंवा आजारी पोलिसाला दवाखान्यातून सोडल्यावर विश्रांतीसाठी जागा नव्हती. सार्वजनिक विश्रामगृहात गेला तर शेजारच्या खाटेवर त्यानेच पकडलेला माणूस असायचा, असंही सांगतात. नुसत्या प्रार्थनेने हा प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून १८९० साली होव्ह या समुद्रकाठच्या गावी पोलिसांसाठी विश्रामगृह उघडलं. दुसरा प्रश्न याहून मोठा होता. पोलीस मेला तर त्याच्या पोरांचं काय? मग अनाथ झालेल्या पोरांसाठी घरं उभी राहिली. त्यातलं एक उत्तरेकडच्या हॅरोगेट गावी १८९८ साली सुरू झालं.

ही बाई १९३० साली वारली. तिने लावलेलं काम मात्र चालू आहे. हॅरोगेटला आजही पोलिसांसाठी उपचार केंद्र आहे. स्कॉटलंडमध्ये त्याची दुसरी शाखा आहे. होव्हचं विश्रामगृह पुढे गोरिंग नावाच्या गावी हलवलं, तेही चालू आहे. दुखापतीनंतरचे व्यायाम-उपचार तिथे होतात आणि मनावरच्या ताणासाठीही मदत मिळते. 'गर्नी फंड' नावाचा निधी मृत्यू पावलेल्या किंवा आजारपणामुळे नोकरी सोडावी लागलेल्या पोलिसांच्या मुलांना मदत करतो. ख्रिस्ती पोलिसांची संघटनाही आहे. ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागांतले पोलीस तिच्यामार्फत एकमेकांसाठी आणि एकमेकांच्या घरांसाठी प्रार्थना करतात.

आणि हे सगळं चालतं कशावर? त्यातला मोठा भाग पोलिसांच्याच वर्गणीवर. नोकरीतले पोलीस आपल्या पगारातून नियमित थोडी रक्कम देतात. आज जो धडधाकट आहे तो देतो, उद्या ज्याला लागेल तो घेतो. मैत्रिणींनो, याला आपण काय म्हणतो? बचत गट म्हणतो.

आपल्याकडचं घर

आता परत आपल्या गावात येऊ.

पोलिसाच्या घराचं दुःख बाहेरून दिसत नाही. गणपती आले की बंदोबस्त, आषाढी वारी आली की बंदोबस्त, निवडणूक आली की बंदोबस्त. ज्या सणाला सगळ्यांची घरं भरतात, त्याच सणाला हे घर रिकामं असतं. आमच्या ताईंनी सांगितलं, की एका नाताळाला त्यांच्या मालकांची ड्युटी दुसऱ्या शहरातल्या एका चर्चच्या फाटकावर लागली होती. २४ डिसेंबरची रात्र. आत लोक गाणी म्हणत होते आणि हा माणूस, जो लहानपणापासून तीच गाणी म्हणत आलाय, बाहेर थंडीत गाड्या लावून घेत होता. आत जाऊन दोन मिनिटं बसताही आलं नाही. इकडे बायको-पोरं गावच्या चर्चमध्ये त्याच्याशिवाय बसली होती.

मी विचारलं, "मग त्यांना वाईट नाही वाटलं?"

त्या म्हणाल्या, "वाटलं ना. पण पाळकांनी नंतर समजावलं, की येशूच्या जन्माच्या रात्री मेंढपाळ पण रात्रपाळीवरच होते. बातमी पहिल्यांदा त्यांनाच कळली. ते ऐकून हे बऱ्याच दिवसांनी हसले."

श्रद्धेचा धीर म्हणतात तो असा असतो. ड्युटी बदलत नाही, बदली थांबत नाही, पण आपण फाटकाबाहेर असलो तरी देवाच्या नजरेबाहेर नाही, असं माणसाला वाटतं. ख्रिस्ती लोकांत कॅथलिक मंडळी संत मायकलला पोलिसांचा रक्षक मानतात. २९ सप्टेंबरला त्याचा सण असतो. तुमच्या घरात हाच आधार विठ्ठलाचा असेल, अल्लाचा असेल, बुद्धाच्या शिकवणीचा असेल. ज्याचा त्याचा आधार त्याच्याजवळ राहू द्या.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. हे भाषण ऐकणाऱ्यांत अशाही बाया असतील, ज्यांची तक्रार कुणी घेतली नाही, ज्यांना ठाण्यात ताटकळत बसवलं. त्यांचा राग खरा आहे. पोलिसांना धीर द्यायचा म्हणजे त्यांच्या चुकीवर पांघरूण घालायचं, असं मी म्हणत नाही. योहानाने शिपायांना आधी लाच आणि खोटे आरोप यावरच सुनावलं होतं. आणि पोलिसाच्या घरात बाईला मार बसत असेल, तर "प्रार्थना कर आणि सोस" असा सल्ला कुणीही देऊ नये. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि तातडीचा ११२ हे नंबर पोलिसाच्या बायकोसाठीही आहेत.

गट म्हणून आपण काय करू शकतो

या चर्चेनंतर आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटतील त्या घ्या.

एक. गैरहजेरीचा दंड लावण्याआधी कारण विचारायचं. घरात बंदोबस्ताची किंवा सलग नाईटची अडचण असेल तर बचत शेजारणीजवळ पाठवायची मुभा द्यायची. आम्ही त्या ताईंचा दंड परत केला आणि ठराव लिहून ठेवला.

दोन. "तुम्हाला काय कमी?", "वरकमाई असेल की" असली वाक्यं मीटिंगमध्ये बंद. थट्टेतही नको. त्या घरातली पोरं शाळेत हेच ऐकतात.

तीन. मोठ्या बंदोबस्ताच्या दिवसांत त्या घराची एकदा विचारपूस करायची. म्हाताऱ्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असेल, पोराला शाळेतून आणायचं असेल, एखाद्या संध्याकाळी भाकरी-कालवण पोचवायचं असेल. यातलं एक काम जरी वाटून घेतलं तरी त्या बाईला उसंत मिळते.

चार. ही खूण ओळखायला शिकायचं. माणूस झोपत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, सारखा चिडतो, दारू वाढते, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं बोलतो. हे दिसलं तर लाजू नका, थांबू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं. घरातली बाईही आपल्या माणसाबद्दल विचारायला फोन करू शकते. त्यांच्याजवळ हत्यार असेल तर वरिष्ठांना किंवा विश्वासातल्या सहकाऱ्याला लगेच सांगा. नोकरीवर डाग येईल म्हणून बायका गप्प राहतात. जीव राहिला तर नोकरीचं पुढे बघता येतं.

पाच. कागद बघून ठेवायचे. हे फक्त पोलिसांच्या नाही, प्रत्येक नोकरदाराच्या बायकोने करायचं काम आहे. सेवापुस्तकात आणि भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शनच्या खात्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे? लग्नानंतर ते बदललं का? पगाराच्या बँक खात्यावर अपघात विमा आहे का आणि किती? महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत घरातल्या कुणाकुणाचं नाव नोंदवलंय आणि आपल्या भागात कोणतं हॉस्पिटल त्यात आहे? हे प्रश्न एका कागदावर लिहा आणि मालक निवांत असतील त्या दिवशी त्यांच्यासोबत बसून उत्तरं भरा. अपशकुन वगैरे काही नसतो. इंग्लंडमधल्या त्या बाईला अनाथ पोरांसाठी घर का बांधावं लागलं, ते आठवा.

सहा. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्स इथे आपले १० पोलीस चिनी सैन्याच्या गोळीबारात शहीद झाले. या दिवशी आपल्या भागात ड्युटीवर मृत्यू आलेल्या पोलिसाचं घर असेल, तर गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन त्या बाईजवळ बसून यावं. सत्कार नको, फोटो नको. चहा घ्यावा, पोरांची चौकशी करावी.

ज्या ख्रिस्ती भगिनी ऐकत आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या मंडळीत पोलिसांच्या घरांसाठी प्रार्थना होत नसेल तर पाळकांना किंवा फादरना सांगा. आमच्या ताईंनी सांगितलं होतं, तसं. आणि प्रार्थना झाल्यावर त्या घरी जाऊनही या.

आता त्या ताईंचं काय झालं ते सांगते. त्यांच्या परवानगीने सांगतेय. पौलाची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती, पण त्यातला पहारेकरी आपल्या घरातलाच आहे, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. एका रात्री ओट्यावर नवऱ्याशेजारी बसून त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही सगळे इथेच आहोत." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोलले. एका अपघातात बाहेर काढलेल्या लहान पोराबद्दल बोलले. ते सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोघांनी मिळून १४४१६ ला फोन केला. आता औषधोपचार चालू आहेत. सगळं ठीक झालंय असं त्या म्हणत नाहीत. पण झोप लागते, असं म्हणतात.

गेल्या मीटिंगला त्या वेळेवर आल्या होत्या. घाई करून लवकर निघाल्या, कारण मालकांची साप्ताहिक सुट्टी होती आणि मटण शिजायचं होतं. या वेळी सगळ्याच हसल्या, त्याही हसल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा एक विषय घ्या. आपल्या गटात, आपल्या वस्तीवर पोलीस, होमगार्ड, जेलचे शिपाई यांची घरं किती आहेत, ते मोजा. आणि मोजून झाल्यावर त्यांच्याकडे कोण कधी जाणार, तेही तिथेच ठरवा.